एका पानाची पैज

सुमतीचं बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं आणि मध्ये कुठंही अडलं नाही. तिनं मान वर केली. फिलूमावशी सुई हातात धरून तिच्याकडे बघत होती.

"परत वाच," ती म्हणाली. "आता जरा दम घेत."

सुमतीनं परत वाचलं. चैत्रात हीच अक्षरं तिला वाळत घातलेल्या शेवयांसारखी दिसत; सगळा गुंता. आता त्यांतून माणसं बोलत होती. एका कोळ्याची होडी वादळात सापडली होती आणि त्याची बायको किनाऱ्यावर दिवा धरून उभी होती.

फिलूमावशी ठाण्याच्या कोपरी भागात चोळ्या-सदरे शिवायची. ख्रिस्ती बाई, नवरा वारलेला. लहानपणी ती एका गोऱ्या कुटुंबात राहिली होती आणि तिथून मिळालेलं एकच पुस्तक तिच्यापाशी उरलं होतं. चोळी टाकायला आलेल्या सुमतीनं ते ओसरीवर पाहिलं आणि विचारून बसली, "मला हे वाचायला शिकवाल?" कशासाठी, ते मात्र तिनं सांगितलं नाही. लाज वाटली.

कारण घडलं होतं तिच्याच ओट्यावर. सुमतीचे यजमान विश्रामराव कल्याणला धान्याच्या पेढीवर कारकून होते. आगगाडीनं जात, आगगाडीनं येत, आणि येताना बगलेत इंग्रजी वर्तमानपत्र असे. संध्याकाळी शेजारी जमत. विश्रामराव पानावरून नजर फिरवत आणि कुठं लढाई लागली, कुठं बोट बुडाली ते सांगत. आसपासच्या आळ्यांत त्यांच्या इंग्रजीचा मोठा दबदबा होता.

ठाण्यात मुलींची शाळा निघाल्याचं कळलं तेव्हा सुमतीनं दारामागून लेकीचा, हेमाचा विषय काढला. पोर हुशार होती.

"शिकून करायचंय काय?" विश्रामराव म्हणाले. "आज मराठी, उद्या म्हणेल इंग्रजी. बायकांच्या डोक्यात ती विद्या शिरत नाही. माझी उमेदीची वर्षं गेली त्यात."

"शिरली तर?" सुमती म्हणाली.

शेजारचे गोपीनाथपंत हसले. त्या हसण्यानं विश्रामरावांना जोर आला. "मग तूच इंग्रजीचं एक पान वाचून दाखव. दुसऱ्या दिवशी हेमाचं नाव घालतो शाळेत. हे पंत साक्षीला."

त्या दिवसापासून सुमतीला चोळ्या फार लागू लागल्या. फिलूमावशीच्या घरचं पाणी ती घेत नसे, ओसरीच्या कडेला बसे आणि शिकवणीच्या बदल्यात काजं करून देई. आधी अक्षरं, मग शब्द, मग ओळ. फिलूमावशी एकेका शब्दाचा अर्थ सांगे आणि सुमती तो घोकत घरी जाई. एक दिवस तर मजाच झाली. तिच्या कमरेच्या चावीला पुस्तकातही जवळजवळ चावीच म्हणत होते. ती एवढी हसली की हातातलं काज उसवलं.

अडलेला शब्द सोडून पुढं जायचं आणि ओळ संपली की मागं यायचं, ही युक्ती फिलूमावशीनं शिकवली. तेव्हापासून तिचं वाचन पळू लागलं. भाकरी थापताना तिच्या ओठांवर कोळ्याची होडी असे. सासूबाईंना वाटे, सून स्तोत्र म्हणते आहे.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ओटा भरला होता. सुमती पुस्तक घेऊन दारात आली.

"आज वाचते," ती म्हणाली.

गोपीनाथपंत सावरून बसले. हेमा आईच्या पदराला धरून उभी राहिली. विश्रामरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमच्याच वर्तमानपत्रातलं वाचू का?"

"नको," विश्रामराव घाईनं म्हणाले. "तुझंच वाच."

सुमतीनं वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसऱ्या ओळीला सुटला. वादळ आलं, शीड फाटलं, दिवा विझता विझता राहिला. पान संपलं. मग सगळे विश्रामरावांकडे पाहू लागले.

विश्रामरावांनी पुस्तक हातात घेतलं. पान वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. उपरण्यानं कपाळ टिपलं.

"अर्थ सांग," ते म्हणाले.

तिनं सांगितला. न चुकता, होडी किनाऱ्याला लागेपर्यंत.

"बरोबर," विश्रामराव हळूच म्हणाले. "हेच लिहिलंय इथं. उच्चार थोडे इकडेतिकडे आहेत, पण इंग्रजी शुद्ध आहे. पंत, हरलो मी."

सुमतीला त्या रात्री झोप आली नाही. सकाळी विश्रामरावांनी हेमाचं बोट धरलं, शाळेत तिचं नाव घातलं आणि मगच गाडी गाठली. इकडे ती दोघं दिसेनाशी होताच सुमती वाटीत साखर घेऊन कोपरीच्या बोळातून जवळजवळ धावत सुटली. फिलूमावशीच्या ओसरीवर या खेपेस ती कडेला थांबली नाही, सरळ वर चढली, तिच्या हातावर साखर ठेवली आणि तो हात धरूनच एका दमात सगळं सांगितलं. पैज, ओटा, शाळा.

"आणि मावशी, सगळ्यांदेखत म्हणाले हे. माझं इंग्रजी शुद्ध आहे म्हणाले."

फिलूमावशीच्या हातातली साखर तशीच राहिली.

"इंग्रजी?" ती म्हणाली. "मना कय येते गं बाय इंग्रजी? मी त तुला पोर्तुगीज शिकवलं."