सरजाबाईचं गठुडं

"सोडा आता, दाजी. ऊन चढायलंय," किशनराव म्हणाले.

गंगाखेडच्या घाटावर माणिकराव गुडघाभर पाण्यात उभे होते. छातीशी गठुडं होतं. त्यात बायकोची, सरजाबाईची, आज सकाळी सावडलेली राख होती. सोबत तिच्या दोन साड्या, चपला आणि उशी. माणूस गेलं की त्याचं सगळं त्याच्यामागं गंगेत सोडायचं, ही रीत. गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात. मेहुणे किशनराव रीतीला पक्के. त्यांनीच गठुड्याची गाठ मारली होती.

माणिकरावांनाही रीत मान्य होती. तिच्या जिवाला गती मिळावी, याशिवाय त्यांना आज काही नको होतं. जिवंतपणी तिचं एक ऐकलं नाही, निदान हे तरी नीट व्हावं.

सरजाबाईचं खूळ साऱ्या गावाला माहीत होतं. चौदा वर्षं रोज सकाळी ती बांबूला आकडी बांधून घाटावर यायची. लोकांनी सोडलेल्या साड्या, गाद्या, निर्माल्याच्या पिशव्या ओढून काढायची आणि कचऱ्याच्या गाडीत घालायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती. हॉटेलात चहा पिताना लोक माणिकरावांना हसायचे. मग वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. "साऱ्या दुनियेचं सुतक माझ्या घरात आणायलीस," असं म्हणून ते तिला अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसत. तीही हसून अंगणातच पाणी घ्यायची.

शेवटचे दोन महिने ती अंथरुणाला खिळली. एकदा म्हणाली, "अवो, एक चक्कर मारून या की. लय साचलं असंल."

"मी तुझ्यासारखा येडा न्हाई," माणिकराव म्हणाले होते.

ती भिंतीकडं तोंड करून पडली. तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

आणि आता काठाला पाणी दिसत नव्हतं. दोन महिन्यांचं सगळं तिथं तुंबलं होतं. माणिकरावांनी पाऊल पुढं टाकलं, तर पायात काहीतरी गुरफटलं. वाकून ओढलं. हिरवी साडी होती, गाळानं जड झालेली. कुणाची तरी बायको, कुणाची तरी माय. ती त्यांनी पायरीवर टाकली. हाताला वास आला. चौदा वर्षं तिच्या पदराला हाच वास होता आणि ते नाक मुरडत होते. त्यांना रडू फुटलं. मेहुण्यासमोर, पोरासमोर. त्यांनी ते लपवलंही नाही.

"अप्पा, मी सोडू का?" आदिनाथनं पायरीवरून विचारलं. तो पुण्याहून कालच आला होता.

माणिकरावांनी नकारार्थी मान हलवली. एका हातानं गाठ सैल केली, मूठभर राख घेतली आणि अलगद पाण्यावर सोडली. बघता बघता ती विरून गेली. मग त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि ते काठाकडं वळले.

"आन् बाकीचं?" किशनराव पुढं आले.

"बाकीचं माघारी नेतो."

"असं मनानं शास्तर करू नका, दाजी. माझ्या बहिणीचा जीव अडकंल. सारं जग हितं सोडतंय, तुमी बी सोडा."

माणिकरावांनी गठुडं खांद्याशी घेतलं, निजलेलं लेकरू घ्यावं तसं.

"सोडलं असतं, किशनराव. पर उद्या काढाय कोन येनार? काढनारी तर ह्या गठुड्यात हाय."