सहा व्होल्टची गाडी

"सहाऐवजी बारा व्होल्टची बॅटरी बसवली की एकटा माणूस बटण दाबून गाडी सुरू करील, तात्या," यासीन इलेक्ट्रिशियन म्हणाला. "पण आधी इंजिन जिवंत आहे का, ते बघू."

"तुझ्या जन्माआधीपासून जिवंत आहे ते," तात्या गुरगुरले. बायको गेल्यापासून जुनी गाडी शेडमध्येच उभी होती. आज त्यांनी कार्ब्युरेटर साफ करून ताजं पेट्रोल ओतलं होतं. या बटणवाल्यांची त्यांना कीव यायची. मनगटात जोर नाही, म्हणून व्होल्ट वाढवायचे.

त्यांनी पुढून हँडल घातलं आणि हिसका दिला. इंजिन खोकलं, पेटलं आणि विझलं. पुन्हा तेच.

"भिकार पेट्रोल," ते म्हणाले.

"पेट्रोल बरं आहे. इंजिन पेटल्यावर लगेच डॅशबोर्डवरचा चोक आत ढकलायला नको का? पूर्वी कोण ढकलायचं?"

स्टिअरिंगमागे तात्यांची बायको बसायची. मी घाम गाळतो आणि ही राणीसारखी बसते, असं ते सगळ्या गल्लीला ऐकवायचे. ती नुसती हसायची. हात मात्र चोकवर असायचा.

यासीन आत जाऊन तिच्या जागी बसला. या वेळी इंजिन पेटलं ते धडधडतच राहिलं. काचेतून तो हसला. तात्यांनी मान फिरवली.

"बंद कर," ते म्हणाले, "आणि घाल तुझे बारा व्होल्ट. हँडल मी अजूनही मारीन रे. आत बसायला कोण आहे?"