मांजरांची खुशाली

"मांजरं कशी हायत? सोनिया विचारतीया."

संध्याकाळी पुण्याहून राजवर्धनचा फोन आला, की मंगलला पहिला प्रश्न हाच.

"लय बेस हायत. आत्ताच दूध पिऊन झोपल्या दोगी," ती म्हणायची. "सोनियाला दे की जरा."

"ती कामात हाय, आई."

दोघी कुठल्या! पांढरी कधीच गेली होती.

संक्रांत झाली आणि लेकानं त्या दोन मांजरी, एक पांढरी, एक पिवळी, कडेगावला तिच्याकडं आणून सोडल्या. सुनेचा जीव की प्राण. "सोनियाला बाहेरगावी काम निघालंय. थोडं दिवस सांबाळ. आन् दाराभाईर सोडू नगंस," एवढं बजावून तो आल्या पावली परत गेला.

फ्लॅटमध्ये वाढलेली ती जनावरं दिवसभर खिडकीच्या गजांना नाक लावून बसायची. चैत्र लागला. घरामागचा बांध एकदांडीच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलांनी भरून गेला. मंगलला राहवेना. एका सकाळी तिनं मागचं दार उघडलं. दोघी आधी बिचकल्या, मग फुलांत लोळल्या, फुलपाखरांमागं उड्या मारत सुटल्या. घरात एकटी राहणारी मंगल कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मग तो रोजचाच खेळ झाला.

आठवडाही गेला नसेल, पांढरीला मोकाट कुत्र्यांनी धरलं. मंगल काठी घेऊन धावली, पण उशीर झाला होता. तिनं तिला बांधावरच पुरलं. पिवळी मात्र आता घरात कोंडून राहीना.

त्या दिवसापासून रोज खोटं बोलणं सुरू झालं. सून फोनवर येत नव्हती. तिला संशय आला असणार, असंच मंगलला वाटायचं. पोरीनं विश्वासानं जीव हवाली केला आणि आपण ही माती केली.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सोनिया एकटीच दारात उभी राहिली. चेहरा उतरलेला.

"आई, लग्नात तुम्ही मला घातलेल्या पाटल्या परत द्यायला—"

मंगलला कुठलं ऐकू येतंय! 'आत ये' म्हणायचंही भान राहिलं नाही. ती सुनेच्या पायाशीच वाकली.

"पोरी, माज्या हातनं पाप झालं. मीच भाईर सोडल्या त्येनला. तुजी पांढरी कुत्र्यांनी मारली गं. मी रोज खोटं बोलले. काय शिक्षा करायची ती कर."

सोनियानं तिला उठवलं नाही. ती मागच्या उघड्या दाराकडं टक लावून बघत होती. तिथं, बांधावरच्या फुलांत, पिवळी पाय वर करून लोळत होती.

"ती... आपली मँगो?"

"व्हय. ही एकलीच ऱ्हायली."

सोनिया उंबऱ्यावरच बसली.

"आई, संक्रांतीला मी राजवर्धनचं घर सोडलं. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला, की दोघींना पोत्यात घालून नदीत बुडवलं म्हणून."