विद्वान मित्र

सरांच्या हाताखाली मी त्यांच्या दुसऱ्या ज्युनिअरच्या, म्हणजे तिच्या, आधीपासून वकिली शिकतोय, पण त्यांची हाक अजून "अरे ए"च्या पुढे सरकलेली नाही. ती मात्र सरांशी भांडून फर्म सोडून गेली आणि आज कोर्टात आमच्याच विरुद्ध उभी राहिली.

सर उठले आणि अदबीनं म्हणाले, "माझ्या विद्वान मैत्रिणीचं म्हणणं असं, की..."

समोरच्या वकिलाला असंच म्हणायची रीत आहे, हे काय मला ठाऊक नाही? तरी पोटात दुखायचं ते दुखलंच. त्यात सरांनी मागे हात केला, "अरे ए, फाइल दे."

संध्याकाळी मी तिच्या ऑफिसात जाऊन नोकरी मागितली.

"सरांना सोडतोयस?" ती चकितच झाली.



"सोडून कुठे जाणार गं? एकदा कोर्टात त्यांच्यासमोर उभं राहायचंय."