बुक्का

संभाजीनं कापसाचा बोळा दुधात बुडवला आणि कुत्र्याच्या ओठांत पिळला. दूध आत गेलं नाही. जबड्याच्या कडेनं ओघळून खाली अंथरलेल्या लुगड्यावर सांडलं.

“घे रं बुक्क्या,” तो म्हणाला. “तुझ्याच मालकिणीचं लुगडं हाय. किती भिजवशील?”

बुक्क्याची पापणी अर्धी वर गेली आणि पुन्हा पडली. सुजलेलं तोंड त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं वळवलं आणि तो तसाच पडून राहिला.

एकदा कीर्तनात बुवांनी सांगितलं होतं, सगळ्या जीवांत एकच हरी नांदतो. त्या कीर्तनाहून परतताना प्रयागबाईनं हे पिल्लू पदरात घालून आणलं. कपाळाला लावायच्या बुक्क्यासारखं काळंभोर, म्हणून बुक्का. संभाजी तेव्हा कुरकुरला होता. “तुझा हरी तुळशीपानावर भागवतो. ह्यो भाकरी मागंल,” म्हणाला होता.

“मग घालीन की भाकरी,” प्रयागबाई म्हणाली होती.

सत्याण्णव सालचा ऊसतोडीचा हंगाम होता. लासुर्ण्याजवळच्या त्यांच्या फडात प्रयागबाई गुरांसाठी वाढ्यांचा भारा उचलायला वाकली आणि भाऱ्याखालून नाग निघाला. बुक्का तिच्या आडवा गेला. नाग त्याच्या तोंडाला डसला. संभाजीच्या धाकट्या भावानं, समाधाननं, बुक्क्याला दुधाच्या टेम्पोत घातलं आणि बारामतीला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं विषावरची लस मिळाली, सलाइन लागलं. घरी आणल्यापासून बुक्का सोप्यात पडून होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेला संभाजी त्याच्या उशाशी बसून होता.

शेजारची भामाबाई भाकरी-पिठलं घेऊन आली. ताट संभाजीपुढं सरकवून ती कुत्र्याकडं वळली.

“माझ्या दोन कोंबड्या खाल्ल्यास, मेल्या. ऊठ आता. उठलास तर तिसरी मी हातानं सोडते तुझ्यापुढं.”

बुक्क्याचं शेपूट किंचित हललं.

“बघ, कोंबडी म्हटल्यावर कसं कळतंय!” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग संभाजीच्या पोटरीवर चढलेला मुंगळा तिनं झटकला. तिथं रक्ताचा ठिपका उमटला होता. “चावला की रं तुला. कळलं न्हाय?”

“न्हाय,” संभाजी म्हणाला.

माणसं येत. बुक्क्याकडं बघत, जरा बसत, हळू आवाजात उसाचं, पाण्याचं बोलत आणि निघून जात. चहाला कुणी थांबत नव्हतं. रविवारी टीव्हीवर सिनेमा होता, तरी तो बघायला वस्तीवरची पोरं संभाजीच्या अंगणात जमली नाहीत.

कीर्तनकार बुवाही आले. संभाजी त्यांचा जुना टाळकरी. टाळ खुंटीला होते, त्यांच्याकडं दोघांनीही पाहिलं नाही. बुवांनी गुडघे टेकून बुक्क्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“धुगधुगी चांगली आहे. उठेल.”

“उठायलाच पायजे, बुवा,” संभाजी म्हणाला. “त्या फडातनं येवढं येक तरी माघारी आलं पायजे.”

बुवांच्या तोंडी अभंग आला असावा. ओठ हलले. पण त्यांनी तो म्हटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुक्का उठला. पुढचे पाय टेकले, मागचे लटपटले, पडला. पुन्हा उठला. भिंतीच्या आधारानं चालत स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, उंबऱ्यावर हनुवटी टेकली आणि आत बघत बसला. संभाजीनं तिथं नेऊन दूध ठेवलं. ते त्यानं चाटून संपवलं.

दुपारी बारामतीचे डॉक्टर आले. जवळच एक गाय बघायला आले होते, जाता जाता वळले. त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या, हिरड्या दाबल्या आणि मोठ्यानं हसले.

“अरे वा! वाचला गडी! तुम्ही मालक ना? त्या दिवशी तुमचा भाऊ आला होता. तासाभरानं जरी उशीर झाला असता ना, तर माझ्या हातात काही नव्हतं.”

“व्हय.”

“आता दुधात भाकरी कुस्करून द्या. वहिनींना सांगा, तिखट नको.”

संभाजीनं मान हलवली.

डॉक्टरांनी बॅग मिटली. “मला एका गोष्टीचं कौतुक वाटतं. इकडं साप चावला, तुमच्या भाषेत पान लागलं, की लोक आधी नागोबाच्या मंडपात नेतात, लिंबाचा पाला खायला घालतात, भजन लावतात. आमच्याकडं येतात तेव्हा उशीर झालेला असतो. तुम्ही तडक दवाखाना गाठलात. ही बुद्धी कुणाची?”

संभाजी खाली बसला. लुगड्याची ओली घडी त्यानं उलटी केली, हातानं सारखी केली.

“बुद्धी कशाची, डॉक्टरसाहेब. दोघांनाबी येकदमच पान लागलं. नागोबाच्या मंडपात कुत्रं घेत न्हाईत, म्हणून ते टेम्पोत घातलं. प्रयागला मंडपात नेली.”