टेबलावरचा सूर्य

बिल्डरच्या साहेबांनी टेबलावरच्या मॉडेलवरचं कापड काढलं. पुढे चाळीस मजली टॉवरची रांग आणि त्यामागे वस्तीतल्या लोकांसाठी सात मजली इमारत. "प्रत्येकाला हक्काचं घर. आता तुमच्या सह्या तेवढ्या करा."

वस्तीतल्या धोबीणमावशीनं पेन हातातही घेतलं नाही. लोकांचे कपडे वाळवण्यात तिचा जन्म गेला होता; कुठल्याही नव्या जागेत ती आधी ऊन शोधायची. तिनं टेबललॅम्प उचलला, खिडकीबाहेर बघून दिशा धरली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्य जसा जातो तसा तो हळूहळू टॉवरांवरून नेला. मागच्या इमारतीवर सावली जी बसली, ती शेवटपर्यंत उठायचं नाव घेईना.

"बाई, हे खेळणं नाही." साहेबांनी लॅम्प काढून घेतला, विझवला आणि छतावरच्या सगळ्या ट्यूबलाइट लावल्या. "हं, आता बघा. दोन्हीकडे सारखाच उजेड."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिनं चढू दिला नाही.

"सारखाच आहे ना, साहेब? मग आम्ही पुढे राहतो."

तिनं पुठ्ठ्याची सात मजली इमारत अलगद उचलली आणि टॉवरांच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

साहेबांनी झटक्यात ती उचलून पुन्हा मागे ठेवली. "अहो, ती जागा कशी देणार? तिथे ऊन येतं म्हणून तर लोक घरं घेणार आहेत."