रंगीत तालीम

जंगलात उरलेल्या एकुलत्या एका नर लांडग्याचं वीर्य गोठवून ठेवायचं होतं. पण त्याला पकडायची परवानगी म्हणजे सरकारी काम, सहा महिने थांब. तोवर प्रयोगशाळेत भटक्या कुत्र्यांवर हात बसवणं चाललं होतं. नसबंदीचा दवाखाना खुणेसाठी कुत्र्याच्या कानाचं टोक कापून त्याला सोडून द्यायचा आणि काढलेले अंडकोष इकडे पाठवायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम त्यांतलं वीर्य गोठवायच्या, वितळवून मायक्रोस्कोपखाली बघायच्या आणि बेसिनमध्ये ओतून द्यायच्या. कुत्र्यांना काही तोटा नव्हता.

एका सकाळी टेक्निशियन मायक्रोस्कोपवरून डोळा काढेना.

"मॅडम, वितळल्यावरही सगळे शुक्राणू पळतायत. असा नमुना आजवर आला नव्हता."

"म्हणजे आपला हात बसला," मॅडम खूश झाल्या. "ओतून दे. गोठवणाची टाकी लांडग्यासाठी रिकामी हवी."

महिन्याभरात परवानगी आली. वनरक्षकांनी बेशुद्ध लांडगा, डोळ्या-कानांवर फडकं बांधून, टेबलावर आणून ठेवला.

"वस्तीजवळच्या कचराकुंडीपाशी हिंडत होता," त्यांतला एक जण म्हणाला. "लांबून कुत्रंच वाटतं."

मॅडमनी हातमोजे चढवले, फडकं सोडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. लांडग्याच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं.

टेक्निशियनने बेसिनकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा आपला हात बसला नव्हता, मॅडम."